जावेच्या वाफ्यातलं अद्रक

पिंपळगाव राजा ह्या गावी आम्ही बिऱ्हाड थाटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तुळसाकाकू न विचारता माझ्या स्वयंपाकघरात आल्या, चुलीपाशी उकिडव्या बसल्या आणि चहाच्या पातेल्यावर नाक नेऊन म्हणाल्या,

"मास्तरीनबाई, हे अद्रक कोठून आनलं?"

आल्याला वऱ्हाडात अद्रकच म्हणतात. मी नव्या जागी नवी, घरमालकीण पहिल्यांदा आलेली, म्हणून मी उत्साहानं सांगायला लागले. काल बाजारात एक बाई बसली होती, ठेंगणी, गोरी, हनुवटीवर गोंदण असलेली. काय सुरेख जाड आलं होतं तिच्याकडे! तिनं वर दोन गड्डे जास्तीचेही टाकले.

"गोदी," असं एवढंच म्हणून तुळसाकाकू उठल्या. ओतलेला चहा तसाच राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं नाही. मी पाणी भरायला गेले की त्या रहाटावरून घागर काढून घेत आणि पाठ फिरवत. माझं काय चुकलं ते मला कळेना. शेवटी त्यांचे यजमान किसनराव, जे गावात फार कमी बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते, ते ओसरीवर माझ्या मिस्टरांना म्हणाले, "मास्तर, बाईले सांगा, अद्रक आमच्याच घरून नेत जा म्हना. दुसरं काई नाई."

गोदावरी ही तुळसाकाकूंची धाकटी जाऊ. भावाभावांची वाटणी झाल्यावर थोरल्याकडे विहिरीची बाग आली आणि धाकट्याकडे नाल्याकाठची. मधे एक बांध. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना दोघी जावा आलं लावत. मिरची, वांगी, कांदेही असत. पण दोघींचा जीव होता तो आल्यात.

तुळसाकाकू उंच होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, हात कोपरापर्यंत मातीचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघायची त्यांना खोड होती. आल्याचा गड्डा मिळाला की तो कानाशी नेऊन मोडायच्या. कटकन आवाज आला तर बरं; चरचर करत दोरे ओढले गेले तर "केसाळ हाये" म्हणून बाजूला. मग मोडलेली बाजू जिभेला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि क्षणभरानं निकाल द्यायच्या. "डोयानं काय पाह्यता? डोये खोटे असतात. दातानं पाह्य," हे त्यांचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. लग्नकार्यात पंगतीला बसल्या तरी वरणातला आल्याचा तुकडा शोधून काढायच्या आणि तो कुणाच्या वावरातला ते सांगायच्या. पुष्कळदा बरोबर निघायचं. नाही निघालं तर वाढणारा खोटं बोलतो म्हणायच्या.

त्यांचं आलं लहान असे, गाठी आखूड, पण तिखट इतकं की नखाएवढ्या तुकड्यानं घसा मोकळा व्हावा. सुंठ तर अशी होई की खामगावचा व्यापारी आगाऊ निरोप पाठवी. गोदावरीचं आलं जाड, पंजासारखं पसरलेलं, भरपूर, जिभेला सौम्य. बाजारात बायका जाड गड्ड्यालाच हात घालणार. तुळसाकाकूंची टोपली अर्धी असताना गोदावरीची रिकामी व्हायची. मग गोदावरी रिकाम्या टोपलीपाशी पदर सावरून बसून राही, पान खाई, आणि जावेकडे बघून गोड हसे. ते हसणं तुळसाकाकूंना आठवडाभर पुरायचं.

"तिचं काई नाई त्याच्यात," त्या मला म्हणायच्या. (तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं. मी त्यांचंच आलं वापरत होते आणि दर चहाला ते सांगत होते.) "तिच्या वावरात नाल्याचा गाय हाये. त्याच जोरावर उड्या मारते."

माझं माहेर नगरचं. बरेच दिवस मी अशीच समजूत करून घेतली होती की गोदावरीकडे एखादी फार मोठी गाय आहे, तिच्या शेणखतावर आलं पोसतं. एकदा मी सहज विचारलं, "किती दूध देते हो ती?" तुळसाकाकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कळलं, वऱ्हाडी जिभेवर 'ळ'चा 'य' होतो, आणि त्या सांगत होत्या तो नाल्याचा गाळ. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. हसता हसता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "पन गोदीले सांगू नको. ती गावभर सांगत फिरन, अन् लोकं तिच्या सांगन्यालेच हसतीन."

त्यांचा मत्सर असा होता. विनोदसुद्धा जावेच्या तोंडून जास्त रंगेल, ही भीती.

गोदावरीचं आलं त्यांना उघड विकत घेणं शक्य नव्हतं. तरी दर हंगामात त्यांच्याकडे ते यायचं. कुणा शेजारणीला पाठवून आणवायच्या, कोठीत नेऊन मोडायच्या, चाखायच्या, सालीवरून अंगठा फिरवायच्या. एकदा मी मीठ मागायला गेले आणि त्या तशा सापडल्या. मांडीवर दोन ढीग, त्यांचं आणि तिचं. मला बघून त्यांनी लपवलं नाही. उलट तिचा गड्डा माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "सांग, काय हाये याच्यात? तू शिकेल हायेस ना? मले सांग, काऊन मोठं होते हे?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, गाळ."

"हाव, गायच," त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतकी खात्याचे एक साहेब नागपूरहून फिरतीवर आले. साहेब म्हणजे आपलेच, मराठी. डोक्यावर साहेबी टोपी, पायात मोजे, आणि बरोबर लहान लहान गोणपाटाच्या पिशव्यांचं एक गाठोडं. गावोगावच्या बागांतून ते आल्याचं बेणं गोळा करत होते. उतरले आमच्याकडे, कारण गावात हेडमास्तरांशिवाय त्यांना कोण ठेवणार? जेवताना मिस्टरांनी विचारलं, "आलं ते आलं. ठिकठिकाणचं कशाला?"

साहेब म्हणाले, "ज्वारी, वांगं, मिरची यांना बी धरतं. बी म्हणजे आईबापांचं मिळून झालेलं, म्हणून पोरं वेगवेगळी निघतात, त्यातलं चांगलं निवडता येतं. आल्याला बी धरत नाही. आपण गड्ड्याचा तुकडाच लावतो. म्हणजे लेक आईसारखी निघते असंही नाही, आईच पुन्हा उभी राहते. पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड. पण क्वचित गड्ड्यावरच्या एखाद्या डोळ्यातून निराळा कोंब फुटतो. का फुटतो ते अजून नीट सांगता येत नाही. तो ज्यानं ओळखून वेगळा ठेवला, त्याच्याकडे नवी जात झाली. न ओळखता खाल्ला तर गेली. आम्ही तसे निराळे शोधतोय. पावसात कमी सडणारं एखादं सापडलं तर मुलखाचं कल्याण."

तुळसाकाकू दाराआड उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साहेब, वावरानं फरक पडते का झाडानं?"

"दोन्हीनं. पण वावराचा फरक वावरातच राहतो. झाडाचा फरक झाडाबरोबर जातो."

"मंग ते कसं समजते?"

"हिचं तिच्या वावरात लावायचं, तिचं हिच्या."

दाराआड बांगड्या वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "लावा. पन तिच्या वावरात मायं बेनं मीच लावीन. तिनं हात लावाचा नाई."

गोदावरीला निरोप गेला. तिनंही तीच अट घातली, हसत हसत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लागवड झाली. दोघींच्या बागेत दोन दोन वाफे, एकात स्वतःचं बेणं, शेजारी जावेचं. वाटणी झाल्यापासून तुळसाकाकूंनी तो बांध ओलांडला नव्हता. आता रोज ओलांडू लागल्या. आपल्या वाफ्यापाशी बसायच्या, पण नजर शेजारच्या वाफ्यावर. तिकडून गोदावरी इकडे यायची. एकमेकींशी बोलणं नाही. मोटेवरचा गडी म्हणायचा, दोघी एकाच वेळी इकडच्या तिकडे जातात, अन् बांधावर समोरासमोर आल्या की कोण आधी बाजूला होते यातच दुपार जाते.

एक दिवस तुळसाकाकू लालबुंद होऊन घरी आल्या. ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता.

"तिनं माया वाफ्यावर पयसाची पानं पांघरली! हात लावाचा नाई म्हनलं होतं ना?"

"मग तुम्ही काढून टाकली?"

"कायले काढू?" त्या माझ्यावर ओरडल्या. "अद्रकानं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्यांच्या बागेत गोदावरीच्या वाफ्यावरही पळसाची पानं होती. आणि तिनं घातली होती त्यापेक्षा दाट.

त्या वर्षी पाऊस नको इतका झाला. श्रावण गेला, भादवा आला, तरी आभाळ हटेना. बागांत पाणी साचलं आणि आल्याला कूज लागली. पानं पिवळी पडायची, झाड धरून ओढलं की अलगद हातात यायचं, बुडाला घाण वास. सारं गाव हवालदिल झालं. तुळसाकाकूंचं आलं त्यांच्या स्वतःच्या बागेत सडलं. गोदावरीच्या बागेत लावलेलं त्यांचं बेणंही सडलं. आणि गोदावरीचं तिच्या बागेत उभं होतं, तुळसाकाकूंच्या बागेतही उभं होतं. थोडंफार गेलं, पण उभं होतं. त्यांच्याच विहिरीच्या पाण्यावर, त्यांच्याच शेणखतात, त्यांच्याच सडलेल्या वाफ्याला लागून, हिरवंगार.

मला वाटलं, आता ह्या चारचौघांत काहीतरी कारण काढतील, कुणी दृष्ट लावली म्हणतील, करणी म्हणतील. तसं काही झालं नाही. त्या फक्त दिवसभर त्या हिरव्या वाफ्यापाशी बसून राहायच्या. जेवायला बोलावलं तर "येते" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत.

पाला वाळल्यावर, थंडीत, साहेब काढणीसाठी परत आले. आम्ही सगळे बागेत जमलो. किसनरावांनी कुदळ घातली. तुळसाकाकूंच्या वाफ्यातून ओंजळभर निघालं. जे निघालं ते मात्र साहेबांनी चाखलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं तिखट. शेजारच्या वाफ्यातून गोदावरीचं जाडजूड आलं टोपलीभर निघालं. नाल्याकाठी जाऊन खणलं तर तिथेही तेच.

तुळसाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गाय नाई. झाडच होय."

त्यांच्या जागी मी असते तर हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर आलं असतं की नाही, मला शंका आहे. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. गोदावरीकडे बोट करून साहेबांना म्हणाल्या, "आता तिले विचारा, बेनं कोठून आनलं. चोरून कोठून तरी आनलं असन. जालन्याकडून, नाई तं आनखी कोठून."

गोदावरीचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं मी पाहिलं. ती हळू म्हणाली, "कोठून आनू, जाऊबाई? तुमीच देल्लं."

"म्या?"

"वाटनीच्या दिवशी. तुमी टोपली भरून देल्ली ना."

ती टोपली सगळ्या गावाला माहीत होती. वाटणीच्या दिवशी बेण्याचे दोन भाग करताना तुळसाकाकूंनी रात्र पडायच्या आत झटपट निवड केली होती. भरलेले, डोळे फुगलेले गड्डे स्वतःकडे ठेवले होते आणि वाकडंतिकडं, किडकं, सुकलेलं जावेच्या टोपलीत टाकलं होतं. ही गोष्ट त्या स्वतःच अभिमानानं सांगत.

"त्याच्यात एक गड्डा होता," गोदावरी म्हणाली. "मले वाटलं सडका हाये. फेकाले निंगाली, तं कोंबाचं बूड लालसर दिसलं. बाकीच्यायचं पांढरं. म्हनलं, पाहू तं खरं. कोपऱ्यात अलग लावला. दरसाल त्याचंच बेनं ठेवत गेली."

तुळसाकाकू तिच्या जवळ गेल्या. भांडायला गेल्या असं वाटून किसनराव मधे सरकले.

"लाल होतं?"

"हाव."

"कोठं?"

"बुडाले. नखाएवढं."

"मले दिसलं नाई," तुळसाकाकू म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या.

संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले. त्या तुळशीपाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिनं नेलं याचं दुःख नाई वं मले. म्याच देल्लं. पन मायाच वावरात झालं, मायाच हातातून गेलं. म्या पाह्यलं नाई, अन् तिनं पाह्यलं. असे कसे डोये देल्ले असतीन देवानं तिले?"

साहेबांनी दोघींचंही बेणं नेलं. निघताना तुळसाकाकूंनी त्यांना अडवलं. "दोन्ही एकात आना. मायं तिखटपन अन् तिचं टिकनं."

"आणता आलं असतं तर काय हवं होतं, बाई! बी धरत नाही ना. वाट पाहायची. एखादा कोंब तसा आपणहून फुटला तर."

"कोनाच्या वावरात फुटन पह्यले?"

साहेब हसले. "ज्याला दिसेल त्याच्या."

ते बिचारे सहज बोलून गेले. पण त्या दिवसापासून दोन्ही बागांत एकच उद्योग सुरू झाला. पहाटे दोघी आपापल्या बाजूला, ओणव्या, एकेका झाडाचं बूड मातीतून मोकळं करून बघत चाललेल्या. बोटं पानांवरून, देठांवरून. एक थोडी जास्त थांबली की दुसरी कंबर सरळ करून तिकडे बघणार. सणावारी एकमेकींच्या घरी जाणं सुरू झालं होतं, पण तेही चौकशीसाठी. हळदीकुंकवाला आलेल्या गोदावरीला तुळसाकाकू विचारायच्या, "मंग? काई दिसलं?" आणि गोदावरी म्हणायची, "कायचं काय, जाऊबाई." तेवढ्या उत्तरानं तुळसाकाकूंचा चेहरा असा उजळायचा की हळदीकुंकू लावायचं विसरायच्या.

खरं सांगते, मला त्या दोघींचा हेवा वाटायचा. माझ्या जावा होत्या, नणंदा होत्या, सगळ्या माझ्याशी चांगल्या. पण आयुष्यात माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नाही.

पुढे मिस्टरांची बदली मलकापूरला झाली. मग आणखी कुठे कुठे. स्वराज्य आलं, तरी वऱ्हाड अजून नागपूरच्याच राज्यात होतं, अशा एका वर्षी पिंपळगावच्या एका लग्नाला मी गेले. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. किसनराव गेले होते. आणि गोदावरीही. साधा ताप आला, दोन दिवसांत आटोपलं, असं लोक म्हणाले.

मी बागेत गेले. तुळसाकाकू बांधाच्या कडेला बसल्या होत्या. पाठीला पोक आलं होतं, पण मला आवाजावरून ओळखलं. "ये," म्हणाल्या, "बस इथं. पाह्य."

त्यांच्यासमोर कुजलेल्या ओळी होत्या, पिवळ्या, आडव्या पडलेल्या. मधोमध एकच झाड उभं होतं. फार मोठं नव्हतं. त्यांनी बुडाशी माती उकरून एक कोवळी गाठ मोडली, कानाशी नेली, मग माझ्या हातावर ठेवली. मी चावलं आणि मला ठसका लागला.

"तिखट हाये ना?"

मी मान हलवली.

"माया बेन्यातलंच. त्या साली साऱ्या ओयीत हेच एक उभं राह्यलं." त्या झाडाकडे बघत राहिल्या. "दोन साल झाले, त्याचंच बेनं मुद्दाम बाकीच्यायच्या मधात लावून पाहून राह्यली. गेल्या सालीही सडलं नाई. म्या पाह्यलं, मास्तरीनबाई. मीच पाह्यलं."

"काकू, हे केवढं मोठं झालं!"

"मोठं!" त्या एकदम चिडल्या. "अन् दाखवू कोनाले? ज्या साली दिसलं त्याच साली मेली ते. मुद्दामच मेली. मले मायीत होतं ना, जयली असती ते! हितं उभी राहून अशी जयली असती..." त्यांनी मातीच्या हातानंच डोळे पुसले. पोटची पोरं गेली होती त्यांची, नवरा गेला होता; पण त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, साहेबांना कळवू या, नागपूरला. त्या म्हणाल्या, कळव. आवाज अगदी कोरडा होता. मग मी उठले, निरोप घेतला आणि बांधावरून चालू लागले.

समोरून गोदावरीची लेक गंगू येत होती. नवरा वारल्यावर ती माहेरीच राहून आईची बाग बघत होती. तीच ठेंगणी अंगलट, तीच हनुवटी. मला ओळखून ती हसली, दोन शब्द बोलली आणि पुढे गेली. पण माझ्या मागे तिची पावलं अचानक थांबली. मी वळून बघितलं. गंगू बांधावर उभी होती आणि डोळे बारीक करून त्या कुजलेल्या ओळींच्या मधोमध बघत होती.

"मोठमाय," ती काकूंना म्हणाली, "ते एकटंच काऊन उभं हाये वं?"

तुळसाकाकू गर्रकन वळल्या. म्हातारीच्या अंगात कुठून जोर आला कोण जाणे. गुडघ्यांवर सरकत त्या झाडापाशी गेल्या आणि त्याच्यावर पदर पसरून बसल्या.

"काई नाई! चाल आपल्या रस्त्यानं!"

गंगू हलली नाही. आणि पदराखाली झाड झाकून बसलेल्या तुळसाकाकूंचा चेहरा, तिच्याकडे रोखून बघताना, आनंदानं फुलून आला होता.